'वारुल्व' : स्कँडिनेव्हियन भाषांतील 'माणूस-लांडगा' या शब्दाची ओळख

शब्दांची ओळख करून देणाऱ्या या पानावर आम्ही बहुधा आपल्या घरातले शब्द घेतो. या वेळी दूरचा शब्द घेतला आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज स्टॉकहोम, कोपनहेगन, ऑस्लो या शहरांत शिकत किंवा नोकरी करत आहेत. तिकडच्या शाळेत नातवंडे 'वारुल्व' नावाचा खेळ खेळतात, त्या नावाची पुस्तके वाचतात आणि सुट्टीत वडोदऱ्याला आली की आजी-आजोबांना विचारतात, "याला मराठीत काय म्हणतात?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना घोटाळा होतो. आपण गुजरातमध्ये राहणारी माणसे. गुजरातीत लांडग्याला 'वरू' म्हणतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे 'वारुल्व' ऐकताच 'वार' म्हणजे 'वरू', अर्थात लांडगा, असे कोणालाही वाटेल. ते बरोबर नाही. या शब्दात लांडगा मागच्या अर्ध्या भागात आहे. पुढच्या भागात माणूस आहे. तो माणूस आणि तो लांडगा या दोघांशीही मराठीचे जुने नाते आहे.

शब्दाची आजची रूपे

माणूस असून लांडग्याचे रूप घेणाऱ्याला, म्हणजे इंग्रजीतल्या 'वेअरवुल्फ'ला, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत एकच शब्द आहे : वारुल्व. तिन्हींत त्याचे स्पेलिंगही सारखेच आहे. उच्चार मात्र थोडेफार बदलतात. आइसलँडच्या भाषेत तो 'वारुल्वुर' असा होतो, आणि फॅरो बेटांवरच्या फॅरोईज भाषेतही जवळजवळ तसाच. शेवटचा 'उर' हा जुन्या नॉर्स भाषेतल्या पुल्लिंगी प्रथमेच्या प्रत्ययाचा अवशेष आहे. मुख्य भूमीवरच्या तीन भाषांनी तो कधीच टाकून दिला, बेटांवरच्या दोन भाषांनी राखला.

या भाषांत इंग्रजीतल्या 'द'सारखे निश्चिती दाखवणारे उपपद शब्दाच्या मागे जोडतात. म्हणून 'तो वारुल्व' म्हणायचे झाले तर स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये 'वारुल्वेन' म्हणतात आणि आइसलँडिकमध्ये 'वारुल्वुरिन'. अनेकवचन स्वीडिशमध्ये 'वारुल्वार', डॅनिशमध्ये 'वारुल्वे' आणि नॉर्वेजियनच्या बोकमोल या लेखी रूपात 'वारुल्वेर' होते. नॉर्वेजियनचे दुसरे लेखी रूप निनोर्स्क. त्यात ते स्वीडिशप्रमाणेच 'वारुल्वार' होते.

शेजारच्या फिनलंडमध्ये स्वीडिश ही दुसरी राजभाषा आहे, म्हणून तिथेही 'वारुल्व' ऐकू येतो. पण फिनिश भाषा वेगळ्या कुळातली. तिने आपला शब्द स्वतः घडवला : 'इह्मिस्सुसी'. 'इह्मिनेन' म्हणजे माणूस, 'सुसी' म्हणजे लांडगा.

शब्दाची फोड : वीर आणि वृक

'वारुल्व'चे दोन भाग : 'वार' आणि 'उल्व'.

'उल्व' म्हणजे लांडगा. जुन्या नॉर्समध्ये 'उल्फर', इंग्रजीत 'वुल्फ', लॅटिनमध्ये 'लुपुस', ग्रीकमध्ये 'लिकोस', लिथुआनियनमध्ये 'विल्कस' आणि संस्कृतमध्ये 'वृक' हे सारे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. 'वृक' मराठी बोलण्यात राहिला नाही, पण महाभारतामुळे तो आपल्याला परका नाही. लांडग्यासारखी भूक असलेला भीम तो 'वृकोदर'. त्या नावातला 'वृक' आणि वारुल्वातला 'उल्व' हे भाषेच्या नात्याने भाऊ लागतात.

'वार' म्हणजे पुरुष, माणूस. जुन्या नॉर्समध्ये 'वेर्र' हा पुरुष किंवा नवरा या अर्थाचा शब्द होता, जुन्या इंग्रजीत 'वेर', लॅटिनमध्ये 'विर'. संस्कृतातला त्यांचा भाऊ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे : 'वीर'. मुळात त्याचा अर्थ पुरुष, पुढे पराक्रमी पुरुष. बेळगाव भागातील आणि गोव्यातील आपले सभासद गावच्या देवळाबाहेर जी वीरगळ पाहत मोठे झाले, त्या वीरगळीतला 'वीर' आणि उत्तर युरोपातल्या या शब्दातला 'वार' मुळाशी एकच.

हा माणसाचा शब्द स्कँडिनेव्हियात एकट्याने आता वापरात नाही, पण एका अगदी साध्या शब्दात दडून बसला आहे. 'जग' याला आइसलँडिकमध्ये 'वेरोल्ड', डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये 'वेर्डेन' म्हणतात. स्वीडिशमधला आणि इंग्रजीतला शब्दही त्याच घडणीचा. त्याची फोड 'माणसाचे युग' अशी होते. म्हणजे तिकडचे मूल दिवसातून दहा वेळा जो 'जग' शब्द उच्चारते, त्यात वारुल्वातला माणूस बसलेला असतो.

फ्रेंच 'लू-गारू'ची गंमतही इथेच सांगावी. त्यातला 'गारू' हा जर्मानिक 'माणूस-लांडगा' याच शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. मूळ अर्थ विसरल्यावर फ्रेंच लोकांनी पुढे 'लू', म्हणजे पुन्हा लांडगा, जोडला. त्यामुळे त्या शब्दात लांडगा दोनदा येतो.

'वेर'चा 'वार' कसा झाला?

चौकस वाचक विचारतील की माणूस 'वेर्र' होता, तर शब्द 'वेरुल्व' असायला हवा, 'वारुल्व' कसा? याचे दोन खुलासे दिले जातात. पहिला व्यापाराचा. मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या हान्सा व्यापाऱ्यांचा स्कँडिनेव्हियाच्या बंदरांवर मोठा प्रभाव होता आणि त्यांच्या लो जर्मन बोलीतले असंख्य शब्द डॅनिश-स्वीडिशमध्ये शिरले. त्या बोलीत 'वेरवुल्फ' हा शब्द होताच. दुसरा खुलासा शेजारच्या शब्दाच्या ओढीचा. लांडग्यासाठी तिकडे 'वार्ग' असा आणखी एक शब्द होता आणि नॉर्समध्ये 'वार्गउल्फर' असे रूपही लिहिलेले सापडते. दोन्ही खुलासे एकमेकांना मारक नाहीत. बाहेरून आलेल्या शब्दाने घरातल्या शब्दाचा स्वर उचलणे हे वडोदऱ्याच्या मराठीत आपण रोज ऐकतो.

वार्ग : लांडगा की गुन्हेगार?

हा 'वार्ग' नीट समजून घेण्यासारखा आहे. जुन्या नॉर्समध्ये त्याचे दोन अर्थ होते : लांडगा, आणि समाजाने बहिष्कृत केलेला गुन्हेगार. पवित्र स्थानी हिंसा करणाऱ्याला 'देवस्थानातला वार्ग' म्हणत. अशा माणसाला कायद्याचे संरक्षण उरत नसे. त्याला कोणीही मारावे, रानातल्या लांडग्याला मारावे तसे. आइसलँडिकमध्ये आग लावणाऱ्या गुन्हेगाराला आजही 'ब्रेन्नुवार्गुर', म्हणजे जाळणारा वार्ग, म्हणतात.

मग हा शब्द खऱ्या लांडग्याला का लावला? भीतीमुळे. ज्याचे नाव घ्यावे तो हजर होतो, ही समजूत स्वीडनच्या खेड्यांतही होती. म्हणून गुराखी 'उल्व' म्हणायचे टाळत आणि त्याऐवजी 'वार्ग' म्हणत. पुढे 'वार्ग'ही भीतीचा झाला, तेव्हा 'ग्रोबेन', म्हणजे करड्या पायांचा, असे म्हणू लागले. आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, त्याच जातीची ही रीत. परिणाम असा झाला की आजच्या स्वीडिशमध्ये लांडग्याचा नेहमीचा शब्द 'वार्ग' आहे (उच्चार 'वार्य'सारखा) आणि 'उल्व' जुना, पुस्तकी झाला. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये मात्र 'उल्व' रोजचा राहिला. स्वीडिश मुलाला 'वारुल्व' हा शब्द आपल्याला 'वृकोदर' वाटतो तसा थोडा जुनाट वाटतो. डॅनिश मुलाला त्यातला लांडगा सहज दिसतो.

जुन्या वाङ्मयातला माणूस-लांडगा

नॉर्स वाङ्मयात या कल्पनेसाठी अनेक शब्द आहेत, आणि त्यांतला महत्त्वाचा शब्द 'हामर'. हामर म्हणजे कातडे, आणि रूपही. आजच्या डॅनिशमध्ये 'हाम' म्हणजे सापाने टाकलेली कात, आणि 'हामस्किफ्टे' म्हणजे कात टाकणे. रूप पालटणे म्हणजे कातडे पालटणे, ही समजूत या शब्दातच बसलेली आहे.

तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या 'वोल्सुंगा सागा'त सिगमुंड आणि त्याचा मुलगा सिनफ्योत्ली यांना रानातल्या एका घरात दोन माणसे झोपलेली दिसतात. त्यांच्या वर लांडग्यांची कातडी टांगलेली असतात. बाप-लेक ती अंगावर घेतात आणि त्यांना ती काढता येत नाहीत. ते लांडगे होऊन हिंडतात, माणसे मारतात, आणि शेवटी रागाच्या भरात बाप मुलाच्याच गळ्याचा चावा घेतो. मुलगा वाचतो. कातडी उतरण्याचा दिवस येतो तेव्हा दोघे ती जाळून टाकतात.

'एगिल सागा'त नायकाच्या आजोबांचे नाव 'क्वेल्दउल्फर', म्हणजे सांजलांडगा. दिवसा हा माणूस शहाणा, कष्टाळू, शेतीत लक्ष घालणारा. संध्याकाळ झाली की चिडका आणि सुस्त. म्हणून लोक त्याला रूप पालटणारा म्हणत. 'उल्फहेदनार', म्हणजे लांडग्याचे कातडे पांघरणारे, असे योद्धेही नॉर्स काव्यात आणि सागांत येतात. स्वीडनच्या ओलांड बेटावर तोर्सलुंडा इथे १८७० साली सापडलेल्या ब्राँझच्या साच्यांपैकी एकावर लांडग्याच्या कातड्यातला भालाईत कोरलेला आहे. हे साचे व्हायकिंग काळाच्याही आधीचे आहेत.

राजा होकोन होकोनसन (कारकीर्द १२१७ ते १२६३) याच्या सांगण्यावरून फ्रेंच कथाकाव्यांचे नॉर्समध्ये भाषांतर झाले. 'स्ट्रेंगलेइकार' या त्या संग्रहात मारी द फ्रान्स या कवयित्रीची लांडगा होणाऱ्या सरदाराची कथा आहे. सरदाराची बायको त्याचे कपडे लपवते, त्यामुळे त्याला पुन्हा माणूस होता येत नाही. भाषांतरकाराने शेवटी स्वतःची पुस्ती जोडली आहे : लहानपणी आपण असा एक श्रीमंत शेतकरी पाहिला होता, जो कधी माणूस असे आणि कधी लांडगा. भाषांतर करताना मध्येच 'हे मीही पाहिले आहे' असे सांगणारा हा लेखक आम्हाला फार जवळचा वाटतो.

इंग्रजीतला 'वेअरवुल्फ' प्रथम जिथे लिहिलेला आढळतो, तिथेही स्कँडिनेव्हियाचा संबंध आहे. इंग्लंडवर राज्य करणारा डॅनिश राजा क्नूट (मृत्यू १०३५) याच्या कायद्यांत तो येतो. मात्र तिथे तो सैतानासाठी वापरला आहे : धर्मगुरूंनी मेंढपाळासारखे जागे राहावे, नाहीतर हा लांडगा कळपात शिरेल.

खेड्यांतल्या समजुती

पौर्णिमेचा चंद्र आणि चाव्याने लागणारी बाधा हे आज सर्वांना माहीत असलेले तपशील मुख्यतः अमेरिकन चित्रपटांनी पसरवले. १९४१ सालचा 'द वुल्फ मॅन' त्यांतला प्रमुख. स्कँडिनेव्हियाच्या लोककथांत वारुल्व चावल्याने माणूस वारुल्व होत नाही. तिथे कारणे वेगळी आहेत.

डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमध्ये अशी समजूत होती की एखादी बाई बाळंतकळा टाळण्यासाठी शिंगराच्या वारेच्या पडद्यातून सरपटत गेली, तर तिला कळा येत नाहीत, पण तिचा मुलगा वारुल्व होतो आणि मुलगी 'मारे', म्हणजे झोपेत छातीवर बसणारी बाधा. भुवया नाकावर जुळलेल्या असणे ही वारुल्वाची खूण मानत. त्याला कोणी तोंडावर 'तू वारुल्व आहेस' असे सांगितले की तो सुटे.

सगळीकडे सांगितली जाणारी एक गोष्ट अशी. नवरा-बायको शेतात गवत गोळा करत असतात. नवरा म्हणतो, "मी जरा जाऊन येतो. एखादे जनावर अंगावर आले तर फक्त एप्रनने मार." तो गेल्यावर लांडगा येतो, बाई एप्रन फेकते, लांडगा त्याच्या चिंध्या करतो. नवरा परत येऊन हसतो, तेव्हा तिला त्याच्या दातांत एप्रनचे धागे दिसतात. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नॉर्वेच्या रेइदार क्रिस्तियनसेन यांनी १९५८ साली या कथेला ४००५ हा क्रमांक दिला.

मध्य आणि उत्तर स्वीडनमधल्या कथांत वारुल्व हा बहुधा अपराधी नसतो, शापित असतो. कोणीतरी जादू करून त्याला लांडगा केलेले असते. ओळखीच्या माणसाने बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारली, किंवा हाताने भाकरीचा तुकडा दिला, की तो पुन्हा माणूस होतो. या कथा एला उडस्टेट या अभ्यासक स्त्रीने गोळा करून १९४३ साली स्वीडिश लोकपरंपरेतल्या वारुल्वावर ग्रंथ लिहिला. आजही या विषयाचा तोच आधारग्रंथ आहे.

आइसलँडमध्ये मात्र लांडगे कधीच नव्हते. तिथे माणूस गेला तेव्हा जमिनीवरचा एकमेव सस्तन प्राणी होता ध्रुवीय कोल्हा. म्हणून तिथल्या गावकथांत माणूस-लांडगा फारसा नाही. तो हस्तलिखितांत राहिला.

नाव कोणाला चिकटते?

या कथा वाचताना एक गोष्ट नजरेआड करू नये. स्वीडिश कथांत ही जादू करणारा कोण असतो? बहुतेक वेळा सामी, फिन, किंवा दारात आलेला आणि हाकलून दिलेला फिरस्ता. म्हणजे गावाबाहेरचा, वेगळी भाषा बोलणारा. डॅनिश कथांत दोष येतो बाळंतपणाला भ्यायलेल्या बाईवर. आणि 'वार्ग' हा शब्द तर ज्याला समाजाने बाहेर टाकले त्याचाच. लांडगा जनावर म्हणून शेळ्या-मेंढ्या खाई हे खरे, पण माणसाला लांडगा ठरवण्याचे काम माणसेच करत, आणि ते बहुधा दुबळ्यावर किंवा परक्यावर शेकत असे.

आपण पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. जिथे राहतो तिथली भाषा आपली केली, आपलीही जपली. वेगळ्या बोलीच्या माणसाला गावाने काय नाव द्यावे, हा प्रश्न आपल्याला पुस्तकी नाही. नातवंडांना या गोष्टी जरूर सांगाव्यात. भीतीची मजाही घेऊ द्यावी. पण जादूगार प्रत्येक वेळी परकाच का असतो, हेही त्यांना विचारावे. आणि लांडग्याला माणूस करण्यासाठी नावाने हाक आणि भाकरीचा तुकडा एवढे पुरे होते, हे सांगायला विसरू नये.

आज हा शब्द

'वारुल्व' आज जिवंत आहे. अक्सेल सांडेमोसे यांची १९५८ सालची नॉर्वेजियन कादंबरी 'वारुल्वेन' याच नावाची आहे. तिथे लांडगा रूपक म्हणून येतो. मुलांचा खेळ मात्र मूळचा तिकडचा नाही. मॉस्कोत १९८६ साली दिमित्री दाविदोव यांनी 'माफिया' नावाचा खेळ तयार केला, १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याला माणूस-लांडग्याचे रूप दिले, आणि तो खेळ स्कँडिनेव्हियात 'वारुल्व' झाला. त्यात गोलात बसलेल्यांपैकी काही जण गुपचूप लांडगे असतात आणि बाकीच्यांनी मतदान करून संशयितांना बाहेर काढायचे असते. बऱ्याचदा निर्दोषच आधी बाहेर जातो.

खरा लांडगाही परतला आहे. डेन्मार्कमधला शेवटचा लांडगा १८१३ साली मारला गेला. २०१२ साली लांडगे तिथे पुन्हा दिसले. स्वीडनने लांडग्याला १९६६ साली कायद्याचे संरक्षण दिले.

मराठीत काय म्हणावे?

मराठीत यासाठी एकच रूढ शब्द नाही. व्युत्पत्तीला धरून जायचे तर 'वीरवृक' होईल, पण आजच्या मराठीत 'वीर' म्हणजे शूर, त्यामुळे अर्थ भलताच निघेल. 'वृकमानव' लेखात शोभेल, लहान मुलाला कळणार नाही. आमचे मत असे, की गोष्ट सांगताना सरळ 'माणूस-लांडगा' म्हणावे. घडण नेमकी 'वारुल्व'चीच आहे, आधी माणूस आणि मग लांडगा, आणि दोन्ही शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत. मोठ्या नातवंडांना मग 'वीर' आणि 'वृक' यांची गोष्ट सांगावी. स्वीडनच्या शाळेतला शब्द आणि आजोबांच्या महाभारतातला शब्द एकाच घरचे निघाले, हे ऐकून त्यांना नक्की आनंद होईल.

सभासदांच्या घरी याखेरीज दुसरा एखादा शब्द वापरात असेल, तर मंडळाला जरूर कळवावा. या पानात तो जोडता येईल.